मावशीचं चोपण

पूर्णेच्या दोन्ही काठांवर मातीशी भांडलेली माणसं पुष्कळ असतील, पण ते भांडण जिंकलेली बाई माझ्या माहितीत एकच, आणि ती माझी सख्खी मावशी आहे, हे मी मलकापुरात ज्याला त्याला सांगत असतो. तिच्या घरी पाहुणा गेला की ती "जयभीम" म्हणते आणि तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघते. तळाच्या चिखलावरून तो कोणाच्या वावरातून आला हे ती ओळखते आणि सहसा चुकत नाही. ओट्यावर काचेचे पेले मांडलेले असतात, प्रत्येकात पाणी आणि एकेक ढेकूळ. चांगल्या मातीचं ढेकूळ पाण्यात आकार धरून राहतं, चोपण मातीचं विरघळून पाणी गढूळ करतं, अशी तिची परीक्षा. लग्नानंतर पहिल्यांदाच तिकडे गेलेल्या माझ्या बायकोने त्यातला एक पेला चिंचेचं सरबत समजून उचलला होता. मावशीने तो हळूच काढून घेतला आणि अजून दोन तास व्हायचे आहेत, असं सांगितलं.

हे वेड लागलं ते मावशीचे यजमान, आमचे काका, गेल्यावर, नदीकाठच्या चार एकरांपायी. माती काळीभोर, पण खारानं इतकी गच्च बसलेली की पावसाचं पाणी परातीत राहावं तसं वर उभं राही, आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडत की हातातलं खुरपं पडलं तर गेलंच. तिच्या दोन्ही दिरांचं मत पडलं की ही माती वीटभट्टीला द्यावी. माती उचलली की मागे खड्डाच उरणार होता. मावशीने तीन पावसाळे मागून घेतले, तोवर पाणी मुरलं नाही तर भट्टी. मग तिने जिप्सम पसरलं, खार धुऊन बाहेर जावा म्हणून नाल्यापर्यंत चर खणले, धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरला आणि ऐन हिरवा असताना मातीत गाडला. पेरलेलं गाडणारी बाई म्हणून गाव बघायला येई. तिला त्याचं काही नव्हतं. पुढे पुढे तर ती माणसांनाही मातीच्या हिशेबाने बघू लागली. मी शिकवतो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांची तक्रार केली तेव्हा म्हणाली, "चोपण आहे तो. वरून कितीबी वत, मुरत नाई. बाजूनं चर काढ."

दुसऱ्या वर्षी ती पुतणीच्या बाळंतपणाला जानेफळला गेली आणि मी शहाणपणा केला. धैंचा वाढला होता, पाऊस आदल्याच दिवशी उघडला होता. मावशीचं काम परस्पर उरकावं म्हणून मी ट्रॅक्टर घातला. ओल्या मातीचे चकचकीत कापांसारखे थर उलटले, चाकांखालची जमीन दबली, आणि ऊन पडल्यावर ती ढेकळं घणाने फुटेनात. मावशी परत आली, वावरभर फिरली आणि दोन दिवस एकटीच ढेकळं उचलून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मास्तर झाला तू, पन ओल्यात ट्रॅक्टर नाई घालत, हे तुले कोनीच नाई शिकवलं?"

तिसऱ्या पावसाळ्यात पाणी पुन्हा वरच उभं राहिलं. थोरल्या दिराने भट्टीवाल्याला जमीन दाखवूनही आणली. मावशीने आणखी एक वर्ष कसं मिळवलं कोण जाणे. तिच्या हट्टापुढे ते थकले असतील, असं मी धरून चाललो. त्या उन्हाळ्याची सगळी सुट्टी मी तिच्याबरोबर चर खणले. ती अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून उतार बघायची आणि माझा चर बुजवून पुन्हा खणायला लावायची.

चौथ्या पावसाळ्यात मोठा पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चार एकरांत पाण्याचं डबकं नव्हतं. थंडीत त्यात हरभरा उभा राहिला. माझी छाती अशी फुगली की जणू तो मीच पिकवला होता. सोंगणीला थोरले दीर माझ्या शेजारी बसून सहज म्हणाले, "वयनीनं चुकी कबूल केली म्हनून थांबलो बरं आमी. ओल्यात ट्रॅक्टर मीच घालाले सांगतला, म्हने, एक वर्स वाया गेलं, थे भरून द्या."

माझा विळा तिथेच थांबला. मातीच्या बाबतीत आपलं चुकलं हे जी बाई कधीच म्हणत नाही, तिला गाव वर्षभर त्या ट्रॅक्टरवरून हसलं होतं, आणि मी तिच्याच ओट्यावर बसून चहा पीत होतो. मी उठून तिच्याकडे गेलो, आता सगळ्यांना खरं सांगतो म्हणालो. ती हरभऱ्याची पेंढी बांधत होती.

"काऊन? हासले लोकं, इसरले. तुले तं शायेतले पोरं रोज इचारत बसले असते."

"मावशी, पण तुझं एक अख्खं वर्ष गेलं."

"गेलं तं माहं गेलं," ती म्हणाली. "जमिनीले काय, तिच्यापाशी लय आहेत."

आता तिचे गुडघे धरतात, बांधापर्यंत जायला तिला माझा खांदा लागतो. तिच्याविषयी चारचौघांत बोलताना मी फार मोठ्याने बोलतो असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. पण ते एक वर्ष तिला कसं परत द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही.