बहिणीचा पासपोर्ट आणि माझा जबाब

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही. कुणी आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं तर मी दुष्काळाबद्दल बोलायचो. तो विषय लांबवता येतो. आता वय झालंय, जिच्यापासून लपवायचं तीच उरलेली नाही, म्हणून लिहितो आहे.

माझी धाकटी बहीण लग्न करून कॅनडाला गेली. तिकडं तिला कायम राहण्याचा परवाना मिळाला, पण पासपोर्ट आपलाच राहिला. त्यावरचा कायमचा पत्ता आमच्या गावचा. तिची मुलगी तिकडं जन्मली, म्हणून मुलीचा पासपोर्ट तिकडचा. एका घरात दोन देशांचे पासपोर्ट, याचं आम्हाला तेव्हा कौतुक वाटायचं. आई शेजारणींना सांगायची, "नात गोऱ्यांची हाय, लेक माजीच हाय."

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईच्या आणि माझ्या नावासोबत बहिणीचंही नाव लागलं. आमच्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि विषय संपतो. बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, आले की सही करते." एवढंच. पण ती येईना आणि मला त्यात नकार ऐकू यायला लागला.

मी तेव्हा गावच्या सोसायटीचा चेअरमन होतो. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. शिरूर कासारच्या बाजारात जनावरं कवडीमोल झाली होती. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी माणसंसुद्धा घरीच होती, कारण तोडायला ऊसच नव्हता. सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली होती. मी दिवसभर तिथंच बसायचो. कुणाच्या दावणीला किती पेंढ्या टाकायच्या हे माझ्या शब्दावर होतं, आणि त्याची थोडी धुंदीही होती, हे कबूल केलं पाहिजे.

एका दुपारी पोलीस ठाण्याचा जमादार मोटारसायकलवर आला. बहिणीच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, तिनं तिकडून नव्यासाठी अर्ज केला होता आणि पत्त्याची चौकशी गावी आली होती. दोन प्रश्न, एक सही, एवढंच काम. पण भोवती दहा-बारा माणसं बसलेली होती.

"चेअरमन, बहिणीनं सही दिली का न्हाई आजून?" एकानं विचारलं.

"देती कशाला?" दुसरा म्हणाला. "कॅनडातून ट्रॅक्टर घिऊन यील नांगरायला."

"मंग चेअरमन बांधावर बसून विंग्रजी शिकतील!"

सगळे हसले. जमादारही हसला. मग त्यानं कागद मांडीवर घेतला. "बोला. ह्या बाई तुमच्या पत्त्यावर राहतात का? घरचा संबंध हाय का?"

मी म्हणालो, "दिल्या घरी गेली ती. लेक दिली की परक्याची. हितं त्या नावाचं कुणी राहत न्हाई. आमचा तिचा काय संबंध?"

जमादारानं पेन थांबवलं. "असंच लिवू का?"

"लिवा की."

"चेअरमन, सख्खी बहीण हाय नव्हं? इचार करा."

"लिवा म्हनलं ना!"

त्यानं लिहिलं. मी खाली सही केली आणि चाऱ्याच्या गाडीकडं निघून गेलो. लेक परक्याची, हे वाक्य आमच्याकडं प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी म्हणतंच, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण सरकारी कागदावर उतरलं की त्याचा अर्थ लागतो, हे मला कळत होतं. सोसायटीचे कागद करण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

महिनाभरानं आईला झटका आला. उजवी बाजू गेली, पण बोलणं शाबूत होतं. मी सोसायटीच्या फोनवरून बहिणीला कळवलं. ती रडली, निघते म्हणाली, आणि दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

"दादा, माझा पासपोर्ट अडकलाय. गावाकडून उलटा रिपोर्ट गेलाय म्हणं. मी तिथली न्हाईच, असं कुणीतरी लिवून दिलंय. कोण रं असं करील?"

मी म्हणालो, "जमादारानं न बघताच खरडलं आसंल. मी बघतो."

आणि मी खरंच पळालो. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन प्रतिज्ञापत्र दिलं की ती माझी सख्खी बहीण, पत्ता बरोबर, आधीचा जबाब गैरसमजातून झाला. पण उलटा गेलेला कागद सुलटा व्हायला या टेबलावरून त्या टेबलावर, मग दिल्लीला, मग तिकडं. तिच्या मुलीला मात्र आपल्या देशाचा व्हिसा आठवड्यात मिळाला. बहीण फोनवर विचित्र हसली. "हिनं गाव बघितलं न्हाई, तिला या म्हणतात. मला न्हाई म्हणतात. हिला एकटीला बसवू का इमानात?"

आई रोज विचारायची, "कावून यीना ती?"

"कागद आला न्हाई, माय."

"आपल्या घरी यायला कसला कागद रं?"

यानंतरचं लिहायला मी सगळ्यात जास्त घाबरलो आहे. एका सकाळी बहिणीचा फोन आला. तिकडच्या आपल्या वकिलातीतून तिला एका वेळच्या प्रवासाचा कागद मिळत होता. त्यावर भारतात येता येणार होतं, पण परत जायचं तर नवा पासपोर्ट हातात पाहिजे. तो इकडंच काढावा लागला असता. किती दिवस लागतील ते कुणी सांगेना. मुलगी तिकडं शाळेत, नवऱ्याची पाळीची नोकरी.

"दादा, येऊ का तशीच? तू म्हण. तू ये म्हणलास तर आत्ता निघते. तितं आल्यावर आपण दोघं हापिसात जाऊ, सगळं दाखवू."

दोघं ऑफिसात जाऊ. मला समोर फाइल दिसली. तिच्यासमोर उघडलेली, त्यात माझा जबाब, खाली माझी सही.

मी म्हणालो, "नगं. अडकून पडशील. पोरीचे हाल व्हतील. महिन्याभरात पासपोर्ट यील, मंग ये. माय बरी हाय आता, जेवती."

आई जेवत नव्हती. चमच्यानं पाणी घेत होती.

"बरी हाय ना नक्की?"

"हाय."

सहाव्या दिवशी आई गेली. शेवटी ती मला बहिणीच्या नावानं हाक मारत होती आणि मी ओ देत होतो.

पासपोर्ट नंतर आला. बहीण आली, चुलीजवळ आईच्या जागेवर बराच वेळ बसून राहिली. चौथ्या दिवशी मी विषय काढण्याआधी तीच म्हणाली, "चल, सही करून टाकू." कचेरीत हक्कसोडीवर सही केली आणि बाहेर लिंबाखाली माझा हात धरला. "दादा, लई पळालास माझ्यासाठी. मला ठावं हाय." तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ऊन लई हाय, चल."

पुढं तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. पुन्हा कुणाच्या रिपोर्टवर अडकायचं नाही, म्हणाली. आपला पासपोर्ट परत केला. मग ती गावी यायची ती व्हिसा काढून. अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव लागतं, तिथं दर वेळी माझं नाव लिहायची.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. भाचीनं फोन तिच्या कानाला लावून धरला होता. आवाज अगदी बारीक झाला होता. ज्वारी कशी हाय, विचारलं. मी ज्वारीचं सांगितलं. विहिरीचं सांगितलं. भाची म्हणाली, मामा, आता तिला दम लागतोय. आठवडाभरात ती गेली.

त्या फोनच्या वेळी वाक्य माझ्याकडं तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं: बाई, तो जबाब माझा होता, आणि तू येत होतीस तेव्हा खोटं बोलून मीच तुला मायपासून अडवलं, मला माफ कर.