फ्रिजपुढच्या चपला

"तुह्या वहिनीले काई रीतभात नाई." आईचा फोन यायचा तो असाच सुरू व्हायचा. भावाचं लग्न होऊन अजून उन्हाळाही सरला नव्हता आणि तक्रार एकच होती: नवी सून स्वयंपाकघरात चपला घालून वावरते. आमचं देवघर स्वयंपाकघरातच, फ्रिजशेजारच्या कोनाड्यात. तिथं चपला म्हणजे आईच्या लेखी कहरच. मीही हो ला हो करायचे. खरं सांगायचं तर वहिनीची गाऱ्हाणी ऐकायला मला मजाच यायची.

मी वाशिमला वायरिंगची कामं करते. आयटीआयला वर्गात मी एकटीच मुलगी होते, हे मी अजूनही चारचौघांत सांगत फिरते. कुणाच्या घरी कामाला गेले की पहिला प्रश्न, अर्थिंग आहे का. नसलं तर त्यांना चांगली फैलावर घेते. अनसिंगला आईकडे मात्र मी पाहुणीसारखी जाते, जेवते, झोप काढते आणि परत येते.

परवा गेले ती आईनं बोलावलं म्हणून. वहिनीच्या माहेरून, इंझोरीहून, मिक्सर आला होता. स्वयंपाकघरात सॉकेट एकच आणि त्यावर फ्रिज. चटणी वाटायची तर आधी फ्रिजची पिन काढा, मग मिक्सर लावा. आईला आणखी दोन सॉकेट हवे होते.

आत शिरले तर वहिनी चपला घालूनच ओट्याशी उभी. माझी जीभ कुठली गप्प बसते!

"वहिनी, आमच्या घरी देवापुढं चपला नाई चालत. तुमच्या इकडं चालतात का?"

आई गालात हसली. वहिनीनं चपला काढल्या आणि हातात धरून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती. थोड्या वेळानं ती फ्रिजपासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "आई, तेवढं दही काढून देता का?"

"काहून? तुले हात नाई का?" आई म्हणाली खरी, पण उठली. पदराचं टोक हँडलला गुंडाळून तिनं फ्रिज उघडला.

तो पदर मी किती वर्षं पाहत आले होते. मी स्वतः ओढणीनं उघडायचे. एखादी गाय लाथाळ असते, तसा आमचा फ्रिज झिणझिण्या देणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या कापडाचं कारण घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग वहिनीला तरी कोण सांगणार?

मी पिशवीतून टेस्टर काढून फ्रिजच्या पत्र्याला लावला. त्यातला दिवा लागला. मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नावाची गोष्ट त्या घरात नव्हती, आणि मी बाईला ओल्या फरशीवर अनवाणी उभं केलं होतं, वर टोमणाही मारला होता. कानापर्यंत तापले मी. आईकडे बघवेना आणि वहिनीकडे तर त्याहून नाही.

"वहिनी, तुमाले इथं करंट लागते का?"

"लागते ना. पयल्या आठवड्यात लय जोरात लागला होता. चपला घातल्या का नाई लागत."

"मंग सांगतलं काहून नाई?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमी सारे तर फ्रिज उघडून राह्यले होते. मले वाटलं, कोणालेच लागत नाई. मह्यातच काई असन."

आईनं हातातलं दही खाली ठेवलं.

जुन्या वायरीवर सॉकेट वाढवायचा विचार मी सोडला. मेनपासून जाड वायर नवीन ओढली, तिला वेगळा एमसीबी लावला आणि करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच बसवला. भावानं परसात खड्डा खणला, त्यात कोळसा, मीठ टाकून अर्थिंगची प्लेट पुरली. फ्रिजमागची कुजलेली वायर बदलली. हे सगळं मला आयटीआयतून बाहेर पडले त्याच वर्षी करता आलं असतं. दुसऱ्यांची घरं करत हिंडले आणि आई पदरानं फ्रिज उघडत राहिली. लाज वाटते, दुसरं काय.

संध्याकाळी टेस्टर फिरवून झाला. आईनं पदर सोडून नुसत्या हातानं हँडल धरलं आणि हाक मारली, "ये वं, आता काई नाई होत."

वहिनी अनवाणी आली. हँडल धरण्याआधी तिनं हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला हलकेच टेकवून लगेच मागे घेतली. मी बघतच राहिले. शंका असली तर तळवा लावायचा नाही, करंट लागला की मूठ आवळते आणि माणूस चिकटून राहतो, हे आम्हाला सरांनी शिकवलं होतं.

"वहिनी, हे तुमाले कोणी शिकवलं?"

"कोणी नाई, ताई," ती म्हणाली. "इथंच शिकली."