माझ्या बाटलीतली आबांची गोळी

प्रयोगशाळेत मी कॉलम लावून उभी असले की माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. काचेच्या उंच नळीत पांढरी सिलिका भरलेली असते, वरून माझं मिश्रण सोडलेलं असतं, आणि त्यातला हवा तो पदार्थ पिवळा पट्टा होऊन सावकाश खाली उतरत असतो. शेजारचा नको असलेला पट्टा त्यात मिसळला की चार दिवसांचं मुसळ केरात. आधीच माझ्या नाकावर राग, त्यात हे काम! आबा म्हणतात, "मेंढरं राखली असतीस तर जरा निवळली असतीस."

आबा म्हणजे माझे वडील. पैठणच्या अलीकडं आमचं गाव. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. मी शाळेमागं लागले आणि शिकत शिकत इथल्या विद्यापीठात रसायनं ढवळायला येऊन पोचले. गावात कुणी विचारलं, "काय करती गं तू तिथं?" तर मी काहीतरी सांगून सुटका करून घ्यायची. आबांना मात्र नीट बसवून सांगितलं होतं.

"आबा, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एन्झाइम नावाचे कामकरी असतात. कॅन्सरमध्ये त्यातला एखादा बिघडतो आणि पेशीला नुसतं 'वाढ, वाढ' सांगत सुटतो. त्याच्या अंगाला एक खाच असते. त्या खाचेत जाऊन बसेल असा पदार्थ मी बनवते. तो बसला की कामकरी गप्प. त्याला इनहिबिटर म्हणतात."

"मग बसव की. अडलंय कुठं?"

"त्या बिघडलेल्याला एक जुळी बहीण आहे. खाच जवळजवळ तशीच, पण ती बिचारी इमानानं हृदयाचं काम करते. तिला धक्का लागता कामा नये. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं."

आबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "म्हंजे मेंढीवानी. शंभर कोकरं भवती असू दे, पाजती आपल्याच कोकराला."

त्या दिवसापासून माझे पदार्थ कोकरं झाले. फोनवर पहिला प्रश्न तोच, "आज कितवं कोकरू?"

मेंढी दुसऱ्याचं कोकरू पाजत नाही, हे मी लहानपणी पाहिलंय. शेपटाकडं हुंगते आणि परकं असलं की ढुशी मारते. पण एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं पोरकं राहिलं, तर आबा मेलेल्या कोकराचं कातडं काढून त्या पोरक्याच्या अंगावर बांधायचे आणि मेंढीपुढं सोडायचे. मेंढी हुंगायची, थांबायची, पुन्हा हुंगायची. मी डोळे फाडून बघायला लागले की आबा माझी मान धरून दुसरीकडं वळवायचे. "तिकडं बघू नको, पोरी. तू टक लावली की तिला कळतं काहीतरी काळंबेरं हाय. आपुन आपलं दुसरीकडं बघायचं." मग आम्ही दोघं बापलेक उगाच बाभळीकडं बघत बसायचो. मागून चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज आला, की वळायचं.

दोन वर्षांपूर्वी आबांना रक्ताचा कॅन्सर निघाला. रक्ताच्या कॅन्सरांतला, ज्याच्यावर चांगली गोळी निघाली आहे, असा प्रकार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज जेवल्यावर एक गोळी. खंड पडू दिला नाही तर पुष्कळ वर्षं छान राहतील." मी गोळीचं नाव वाचलं आणि तिथंच बाकावर बसले. तो इनहिबिटरच होता. मी रोज जे करू बघते, ते दुसऱ्या कुणीतरी आयुष्य घालून आधीच करून ठेवलेलं, आणि आज ते माझ्या बापाच्या हातात. मला इतकं रडू आलं की आबाच मला पाणी आणायला उठले.

आबा आणि माय माझ्याकडं राहायला आले, चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत. तिथंच मी चूक केली.

आमचे पदार्थ तपासायला बाहेर पाठवतो. एका दुपारी निकाल आला. बत्तिसाव्या पदार्थानं बिघडलेला एन्झाइम पार बंद पाडला होता. मी तशीच घरी पळाले, ओरडत, "आबा, बत्तिसावं कोकरू लागलं!" आबांनी मला गुलमंडीवरून इमरती आणायला लावली आणि सगळ्या मजल्याला वाटली. "माह्या लेकीनं क्यान्सरचं औषध काढलं," असं दारोदार सांगितलं. आठ दिवसांनी जुळ्या बहिणीचा निकाल आला. बत्तिसाव्यानं तिलाही बंद पाडलं होतं. हे मी घरी सांगितलं नाही. इमरती खाऊन झाली होती.

पुढच्या तपासणीत आबांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाबा, गोळी चालू आहे ना?" आबा पंख्याकडं बघायला लागले. घरी येऊन मी त्यांची घोंगडी झटकली, तर घडीतून इमरती वाटल्यानंतर आणलेली गोळ्यांची पाकिटं पडली. एकही गोळी काढलेली नव्हती.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आबा शांतपणे म्हणाले, "ती परक्याची गोळी, बाई. डोळे सुजवती, पोटऱ्या वळती. तुही गोळी येऊ दे की. घरचं असताना भायेरचं कशाला?"

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मी तावातावानं सगळं खरं सांगून टाकलं. बत्तिसावं वाया गेलं. माझं औषध यायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित येणारच नाही. आणि आलं तरी ते तुमच्या आजाराचं नाही, आबा, तो एन्झाइमच वेगळा!

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असं मन लहान करू नको. व्हतंय."

सांगा आता, अशा माणसाशी कसं भांडायचं? तो हात पाठीवर असताना मला एवढंच कळत होतं, की हा माणूस माझ्यावरच्या विश्वासानं मरणार आहे.

माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "भांडून मेंढी पाजती व्हय? कातडं बांध."

प्रयोगशाळेच्या बाटलीतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे मी नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवते. म्हणून बाजारातून नवी कोरी बाटली आणली, आमच्याकडं असते तशीच, तपकिरी काचेची. दवाखान्याच्या गोळ्या त्यात भरल्या. वर कागद चिकटवला आणि माझ्या अक्षरात आकडा लिहिला, ३३. आबांना आकडे तेवढे वाचता येतात. लिहिताना शरमेनं माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाटली त्यांच्यापुढं ठेवली. "आबा, तेहतिसावं."

त्यांनी झाकण उघडलं. वास घेतला. गोळी तळहातावर घेऊन उजेडात धरली. मी पापणी न हलवता बघत होते. त्यांनी एकदा गोळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि टाकली तोंडात. वर तांब्याभर पाणी प्याले.

त्यानंतर एक दिवस खंड नाही. पोटऱ्या वळायच्या तेव्हा माय तेल चोळायची, पण आबांची तक्रार नाही. पेशी उतरल्या, जागेवर आल्या. डॉक्टरीणबाई खूश. मी मात्र आबांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. ज्यांनी मला कधी फसवलं नाही, त्यांना मी रोज फसवत होते.

परवा एक्केचाळिसाव्याचा निकाल आला. बिघडलेला एन्झाइम बंद, जुळी बहीण सुखरूप. मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून उभी होते. घरी या वेळी चालत गेले आणि आबांपुढं बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. "हे नुसतं काचेच्या नळीतलं आहे, आबा. अजून पेशींत बघायचंय, मग उंदरांत, आणि माणसांत कधी, देव जाणे. इमरती आणायची नाही." आणि मग राहवलं नाही. "आबा, त्या बाटलीत माझं औषध कधीच नव्हतं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापसून. कातडं बांधलं की टक लावून बघायचं नसतं, किती डाव सांगितलं तुला? घुबडावानी बघत व्हतीस."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "मग घेतली कशाला?"

आबांनी बाटली जवळ ओढली. "मेंढीलाबी कळत असंल, पोरी. पण तुह्यासारखी रागीट बाई माह्यासाठी एवढं कातडं बांधाया बसली, मग मी ढुशी कशी मारू? अन् ती गोळीबी कुणाच्या तरी लेकीनं राबूनच काढली असंल की."

आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी गोळ्या त्याच बाटलीत भरायच्या, असा त्यांचा हट्ट आहे. जेवण झालं की ते झाकण उघडतात, आणि मी पाठ फिरवून खिडकीतून विमानतळाच्या बाजूला बघत उभी राहते. मागं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, की वळते.