करुणाचा 'घे'

करुणा गेल्याचं मला दहावी 'ब'च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. खारघरच्या घरी गवार मोडत बसले होते आणि शेजारी फोन सारखा थरथरत होता. कुणीतरी लिहिलं होतं, 'आपली करुणा गेली.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पुण्याहून, दुबईहून, कॅनडाहून. जी माणसं वर्षानुवर्षं कुणाच्या वाढदिवसालाही तोंड उघडत नाहीत, ती परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत होती. ते वाचताना माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथेच लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मनात आलं, मी गेले तर इतकी माणसं लिहितील का? मग रडू आलं. पण क्रम असा होता… आधी हेवा, मग रडू. करुणाच्या बाबतीत हा क्रम शाळेपासून कधी बदललाच नाही.

वाशीतल्या सिस्टर लोकांच्या शाळेत आम्ही पाचवीपासून एका वर्गात. माझे बाबा बँकेत, दादरहून नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. तिचे वडील रबाळ्याला कारखान्यात फिटर, गाव जालन्याकडचं. तिच्या घरी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शाळेत रोज सकाळी हेल मेरीची प्रार्थना, आणि तिला या दोन्हींत कधी अडचण वाटली नाही. शर्यतीआधी कॅथलिक मुली कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रॉस करायच्या, तशी तीही करायची. "सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं असतं गं," म्हणायची. मीही करायचे, वर मनातल्या मनात गणपती स्तोत्र. तरी पहिली यायची तीच. शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी, सगळ्यात पहिली करुणा आणि दुसरी मी. मार्च पास्टला रेड हाऊसचा झेंडा तिच्या हातात आणि मी मागच्या रांगेत हात हलवत. तिचे कॅनव्हासचे बूट पुढून उसवलेले असायचे आणि माझे दरवर्षी नवे. त्या उसवलेल्या बुटांनी ती मला मागे टाकायची, याने तर पोटात जास्तच दुखायचं. घरी कुरकुर केली की आई म्हणायची, "ती लोकं मुळात काटकच असतात. तू आपलं अभ्यासात बघ." त्या वाक्यात काय काय भरलंय ते मला तेव्हा नीट कळलं नाही. सोयीचं आहे एवढं कळलं आणि मी ते बरीच वर्षं वापरलं. कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, गेल्या की आम्हा बाकीच्यांना मॉरल सायन्सचा तास असायचा. एकदा सिस्टरनी फळ्यावर सात पापं लिहिली. त्यात एन्व्ही, म्हणजे हेवा, होतंच. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले.

रिलेत मी तिसरी धावायचे आणि करुणा चौथी. म्हणजे बॅटन तिच्या हातात नेऊन देणारी मी आणि फीत तोडणारी ती. चुन्याच्या दोन रेघांमध्ये बॅटन द्यायचं असतं, पलीकडे गेलं की टीम बाद. पुढची मुलगी मागे न बघता धावत सुटते, मागचीने शब्द दिला की हात मागे करते, आणि त्या हातात बॅटन ठेवायचं. आमच्या फर्नांडिस सरांनी 'स्टिक' हा शब्द शिकवला होता. पण सगळ्याच टीम 'स्टिक' ओरडायच्या, त्या कालव्यात कोण कुणाला ओरडतंय ते कळायचं नाही. एका सरावाला करुणाने दोनदा भलत्याच मुलीच्या आवाजाला हात मागे केला आणि मी वैतागून ओरडले, "घे!" म्हणजे, घे बाई एकदाची, तुलाच मिळू दे सगळं. हात झटक्यात मागे आला आणि बॅटन बरोब्बर बसलं. सिस्टरना ते खटकलं, कारण शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा. सर हसून म्हणाले, "सिस्टर, पळू दे त्यांना मराठीत." तेव्हापासून आमचा शब्द 'घे'. रागाच्या भरात निघालेला, पण माझा.

दहावीत आम्ही आंतरशालेय स्पर्धेच्या फायनलला पोचलो. या शर्यतीचं सर्टिफिकेट मिळालं तर करुणाला स्पोर्ट्स कोट्यातून मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात जागा मिळणार होती. हे तिने मला आदल्या दिवशी डबा खाताना सांगितलं होतं. त्या दिवशी मी आयुष्यात धावले नव्हते अशी धावले. वळणावर दोघींना मागे टाकलं. बाकावर उभी राहून आमची अख्खी शाळा ओरडत होती, आणि ओरडत होती "करुणा! करुणा!" धावत होते मी, आणि ती तर अजून जागेवर उभी होती. जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवरून मी पुढे गेले तशी ती सुटली, अगदी वेळेवर. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी तो दिला नाही. दोन पावलं, फार तर तीन. मग घाबरून ओरडले, "घे!" तिचा हात मागे आला, बॅटन दिलं, पण तोवर चुन्याची रेघ मागे पडली होती. फीत तिनेच तोडली आणि पंचांनी लाल झेंडा वर केला.

सर धावत आले. मी तोंड उघडायच्या आत करुणा म्हणाली, "सर, मी लवकर सुटले. माझी मिस्टेक." सर तिला खूप बोलले. ती मान खाली घालून उभी होती आणि मी शेजारी बाटलीतलं पाणी पीत होते.

आमच्या वर्गातल्या कॅथलिक मुली महिन्यातून एकदा कन्फेशनला, आपल्या पापांची कबुली द्यायला जायच्या. लाकडी जाळीआड फादर बसलेले असायचे. मुली पाच-दहा मिनिटांत हलक्या होऊन बाहेर यायच्या आणि कॅन्टीनमध्ये समोसा खायच्या. मला त्यांचाही हेवा वाटायचा.

करुणाला ते कॉलेज मिळालं नाही. मिळेल तिथे शिकली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्याच शाळेत पीटी टीचर म्हणून परत आली. मी विमा कंपनीत चिकटले. बरं चाललं होतं माझं, तिच्यापेक्षा चांगलंच. पण गेट-टुगेदरला सगळे तिच्याभोवती खुर्च्या ओढून बसायचे, आणि ती त्या शर्यतीची गोष्ट रंगवून सांगायची. "मेधाने काय बॅटन आणलेलं! आणि मी येडी, आधीच सुटले!" सगळे हसायचे. मीही हसायचे. आत मात्र जळफळाट व्हायचा. मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती, वाईट का असेना, तीसुद्धा हिने आपल्या नावावर करून टाकली होती. वर तिने शाळेतल्या सगळ्या मुलांना 'घे' शिकवला. मल्याळी, पंजाबी, तमिळ, कोकणी, सगळी पोरं बॅटन देताना 'घे' ओरडतात. पालक त्याला 'करुणा मिसचा घे' म्हणतात.

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. आजार वाढला होता, हातात नुसती हाडं राहिली होती. तिची वहिनी घरी डबा आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघीच. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला पाणी हवं होतं. मी पेला घेऊन उभी राहिले, तर ती वळली नाही. तसाच हात मागे केला, पंजा उघडा.

"बोल की," ती म्हणाली. "तू बोलल्याशिवाय मला कळत नाही, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "घे." तिने पेला घेतला. तिला खरंच सगळं माहीत होतं, की ती नुसती थट्टा करत होती, हे मी विचारू शकले असते. विचारलं नाही. टीव्हीवर काय लागलंय यावर आम्ही बोलत बसलो.

त्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी शाळेत तिच्यासाठी प्रार्थना झाली. हॉलमध्ये तिचा फोटो, मेणबत्त्या, आणि मागे भिंतीला टेकून रडणारे फर्नांडिस सर, आता पार म्हातारे झालेले. मी बाहेर मैदानावर आले. स्पोर्ट्स डे जवळ आला होता म्हणून मुली सराव करत होत्या. रेड हाऊसची पट्टी बांधलेली नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. "आंटी, तुमीच ना त्या मेधा आंटी? मिस फोटो दाखवून तुमचं सांगायच्या. तुमी एकदम परफेक्ट बॅटन आणलेलं, आणि मिसच लवकर सुटल्या."

"नाही," मी म्हटलं. "मिस बरोबर वेळेवर सुटल्या होत्या. मी शब्द दिला नाही. मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"ती पहिली येणार होती म्हणून."

"म्हणजे मिसने तुमाला वाचवलं? आणि कोणालाच नाही सांगितलं?" मी मान हलवली. ती रागावेल, नाक मुरडेल, असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. हॉलच्या दाराकडे, फोटोकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "आमच्या मिस ना…" एवढंच म्हणाली आणि पळाली. इतक्या वर्षांनी कबुली दिली मी, आणि मोठी झाली करुणाच. मला पुन्हा हेवा वाटला. मग रडू आलं.

मैदानाच्या कडेला मी बराच वेळ उभी होते. मुली वळणावरून येत होत्या आणि एकीमागून एक ओरडत होत्या, "घे! घे!" तो शब्द मुळात कुणाचा, हे त्या मुलीला सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. याही वेळी मुद्दामच. तो आता तुझ्याच नावाने राहू दे, करुणा.

घे.