वच्छलाकाकूंचा दह्याचा केक

वच्छलाकाकू अंडं थेट पिठात कधीच फोडत नाहीत. आधी वाटीत फोडायचं, वास घ्यायचा, मग पातेल्यात. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात एकदा एका नासक्या अंड्यापायी ऐंशी मुलींच्या नाताळचा केक टाकून द्यावा लागला होता. तेव्हा काकू नव्या होत्या. पुढं त्याच मिशन बोर्डिंगात त्यांनी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला, पण वाटी सुटली नाही.

पूर्ण नाव वच्छला उजागरे. माहेर केमचं, शिक्षण सातवीपर्यंत, तेही बोर्डिंगातच. त्यांचे यजमान येडूकाका कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. शनिवारी संध्याकाळी सोलापूरला यायचे, रविवारी दोघं चर्चला जायची, सोमवारी पहाटे काका परत. काका जाऊन नऊ वर्षं झाली, काकूंचा रविवार तसाच आहे. त्या दिवशी बाजार नाही, गिरणीत दळण नाही, कालवण शनिवारीच करून ठेवलेलं. साडेनऊला उपासनेला बाकावर हजर. एकदा गुडघा सुजलेला बघून मी म्हटलं, "काकू, एखादा रविवार घरीच प्रार्थना केली तर देव काय म्हणणार आहे?"

"देव काही म्हणणार नाही गं. पण गुडघ्याचं एकदा ऐकलं, की तो रोज बोलायला लागतो."

त्यांचा नाताळचा फराळ आपल्या दिवाळीसारखाच. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे. वर भर नानखटाईची आणि केकची. ही दोन भाजायला दस्तगीरभाईंच्या बेकरीच्या भट्टीवर जातात. प्रियदर्शनीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, पुण्याहून ओव्हन आणून दिलाय. त्यात काकू पापड ठेवतात, सादळत नाहीत म्हणून.

शुक्रवार पेठेत आमची दारं एकमेकांना लागून. आम्ही लिंगायत. माझ्या सासूबाई, संगव्वा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गळ्यात लिंग, आणि पूजा झाल्याशिवाय सकाळी पाण्याचा थेंब नाही. घरात अंडं येत नाही. म्हणून काकू आमच्यासाठी दह्याचा केक वेगळा करायच्या. पातेलं वेगळं, चमचा वेगळा. दोन्ही केक रव्याचेच आणि भाजायचे डबेही सारखेच, त्यामुळं ओळख एकच: आमच्या केकवर चारोळी, त्यांच्या केकवर काजू. एकतीस वर्षं सासूबाई तो केक निर्धास्त खात आल्या. गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरचं त्या असं तोंडात टाकत नाहीत.

गेल्या नाताळात चुकलं. दोन्ही डब्यांत पीठ ओतून झालं होतं, तेवढ्यात मुलाचा फोन आला. फोन ठेवून काकूंनी चारोळी टाकली ती अंड्याच्या डब्यावर.

नाताळच्या सकाळी चर्चला जाता जाता त्यांनी केक आमच्याकडं दिला. दुपारी मी त्यांच्याकडं शुभेच्छा द्यायला गेले. प्रियदर्शनीनं काजूचा केक कापला. काकूंनी तुकडा तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. परत एक कण जिभेवर ठेवून पाहिला.

"हा दह्याचा आहे," त्या म्हणाल्या.

म्हणजे अंड्याचा आमच्या घरी गेला होता.

"आई, तुम्ही काही बोलू नका हं," प्रियदर्शनी म्हणाली. "आजींनी खाल्लाय, आता पचतही आला असेल. त्यांना कळणार कसं?"

मीही तेच म्हटलं. घरात त्यानंतर काय होईल ते मला दिसत होतं. "काकू, त्यांनी आवडीनं खाल्लाय. कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

"त्यांना माहीत नाही, पण मला माहीत आहे की. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, वच्छला, यात काही नाही ना? तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" त्यांनी पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

सासूबाई माजघरात शेंगदाणे निवडत होत्या.

"ये वच्छला, बस की. औंदा केक लई मऊ झालता बघ. दोन तुकडं खाल्लं मी."

काकू बसल्या नाहीत. "अक्का, मऊ झाला कारण त्यात अंडी होती. केक बदलले. चूक माझी आहे."

सासूबाईंचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. सुपातला एक शेंगदाणा घरंगळत माझ्या पायाशी आला, मी तो उचललाही नाही.

"किती हुती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"समद्या केकात?"

"सगळ्या केकात."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आजपास्नं तुज्या घरचं काय बी हितं येऊ ने."

"बरं, अक्का."

सासूबाईंनी गार पाण्यानं आंघोळ केली, परत पूजेला बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

काकूंनी तो शब्द अक्षरशः पाळला. उन्हाळ्यात मी कैरीचं लोणचं वाटीभर मागितलं. म्हणाल्या, "इथं बसून खा. त्या घरात येऊ नये म्हटलंय ना?" मी त्यांच्या पायरीवर बसून भाकरीबरोबर खाल्लं. देणंघेणं का थांबलं असं गल्लीत कुणी विचारलं, तर काकू झाकत नसत. "माझ्याकडून अक्कांना अंड्याचा केक गेला," एवढंच. मग लोक पुढचं आपलं आपण जोडायचे.

केराबाईंनी तर आमच्याच दारात जोडलं. या आमच्याकडं दूध घालतात. पातेल्यात दूध ओतता ओतता सासूबाईंना म्हणाल्या, "मुद्दाम घातली आसतील ओ अव्वा. तुमाला बाटवायचं आसंल. चुकून कुटं आसं हुतंय?"

सासूबाईंनी मान वर केली. "मुद्दाम घालणारी सांगाय येती व्हय गं? तू दुदात पाणी घालतीस. आलीस का कदी सांगाय?"

"अवो अव्वा, मी कुटं..."

"व्हय, व्हय. जा आता, पुढच्या घरला उशीर व्हतोय."

दूध त्या दिवसापासून जरा दाट येऊ लागलं. पण वच्छलाकाकूंबद्दल सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. दिवाळी गेली, तेव्हाही ताट शेजारी गेलं नाही.

यंदा तेवीस डिसेंबरला सकाळी त्यांनी मला विचारलं, "वच्छलाची भट्टी कदी?"

"आज दुपारी. चारच्या आत आणा, असं दस्तगीरभाईंनी सांगितलंय."

काठी घेऊन त्या निघाल्या. मी मागोमाग. काकूंच्या ओट्यावर एकच डबा तूप लावून ठेवलेला होता.

"माजा डबा कुटं हाय?"

काकूंनी हात पुसले. "अक्का, येऊ नये असं तुम्हीच म्हणालात."

"म्हनले हुते. आता म्हनते, कर."

मला वाटलं, काकू लगेच दुसरा डबा काढतील. दही घरात होतं, मला दिसत होतं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"यंदा नको, अक्का. अंडी कालच आणलीत, सगळ्या ओट्यावर तोच पसारा आहे. डोळ्यालाही आता कमी दिसतं. परत चुकणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही."

प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला. वर्षभरानं दार उघडलं होतं, ते या बाईनं आपल्या हातानं परत लोटलं होतं. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. रागावल्यात की काय, मला कळेना.

"मंग आमच्यात कर," त्या म्हणाल्या.

काकूंनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं. एकतीस वर्षांत काकू आमच्या माजघरापर्यंत आल्या होत्या. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. असं करू नका म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं, सांगावं लागलंच नव्हतं.

"तुमच्या स्वयंपाकघरात?"

"मंग काय रस्त्यावर? चल, चार वाजतील."

काकूंनी साबणानं हात धुतले. आमच्याकडं आल्यावर नळाखाली परत धुतले. पातेलं आमचं, रवा आमचा, दही सासूबाईंनी स्वतः विरजलेलं. काम सुरू करण्याआधी काकू ओट्यापाशी डोळे मिटून उभ्या राहिल्या, नेहमी राहतात तशा. ओठ हलत होते. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या दाराला टेकून प्रार्थना संपायची वाट बघत होत्या.

काकूंनी डोळे उघडले आणि रवा चाळायला घेतला.

"साखर वरच्या फळीवर हाय," सासूबाई म्हणाल्या.