क्लेमेंटीनचा हात

मनोरमाताईंचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं. खोटं कशाला बोलू?

वसईजवळच्या नंदाखाल गावच्या क्लेमेंटीनसारखा हात वालीवच्या अख्ख्या कारखान्यांत नव्हता. पेनांच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर स्प्रिंग घालायला बसायचो. माझी एक पेटी भरेपर्यंत तिच्या दोन भरलेल्या, वर तोंडाची टकळी चालूच. "आईचा हात गं," म्हणायची. आई तिची न बघता मोगऱ्याचे गजरे करायची. अठ्ठ्याण्णव साली 'उत्कृष्ट कामगार' म्हणून तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते तिने आईच्या फोटोखाली लावलं.

मनोरमाताई आमच्या सुपरवायझर. रोज तीन वाजता आल्याचा चहा स्वतः ओतायच्या. क्लेमेंटीनचा त्यांच्यावर भारी जीव. नाताळात फराळाचं पहिलं ताट त्यांच्या घरी जायचं.

पुढे एका मे महिन्यात ताई पंधरा दिवस गावी गेल्या. आम्ही सगळ्याच पेंगायला लागलो, पण क्लेमेंटीनचा तर हातच चालेना. स्प्रिंग उडायच्या, बोटं थरथरायची, डोकं ठणकायचं. आईचा हात गेला म्हणून ढसाढसा रडली बिचारी. तिच्या गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप उडवायच्या गोळ्या किती दिवस घेताय?" तिने जन्मात घेतली नव्हती.

ताई परतल्या, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, चहात गोळ्या घालायचात का?" त्या बाईला ना खंत ना खेद. "घालायचे मी चहात, सगळ्यांच्याच. मालकांनीच आणून दिल्या होत्या. बिघडलं काय? तू चष्मा लावतेस, तेव्हा डोळे माझे नाहीत म्हणतेस का? हेही तसंच. देवाने दिलं त्यात थोडी भर घातली. तुझं नावच झालं ना?"

"चष्मा मी माझ्या हाताने लावते, ताई," क्लेमेंटीन म्हणाली. "नको तेव्हा काढून ठेवते."

त्याच दिवशी तिने काम सोडलं.

महिन्याभराने मी नंदाखालला गेले. आईच्या फोटोखाली नुसता खिळा होता. माझ्यासमोर चहा ठेवून ती बसली आणि म्हणाली, "स्वप्ना, ते घड्याळ गोळीला मिळालं गं. मी वेडी आईला दाखवत बसले. त्यात माझं किती होतं, आता कसं कळायचं?"

मला भरून आलं. मनोरमाताईंना चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, "अगं, सगळं तुझंच होतं. मी तर ताईंकडून वरची एक गोळी मागून घ्यायचे, तरी माझी दीड पेटी झाली का कधी?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

मला इतक्या लांबून यावं लागायचं, झोप पुरायची नाही, तुला सांगणारच होते, असं काहीतरी मी बोलत राहिले. तिने माझ्यापुढचा कप जरा पुढे सरकवला.

"चहा घे," म्हणाली. "यात काही घातलेलं नाही."