भिंतीवरची जपानी कमान

कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी पत्र्याला पावडरचा रंग मारते, तिथंच ती कमान कापून घेतली. जपानमध्ये देवळापुढं असते तशी: दोन खांब, वर दोन आडवे दांडे, मध्ये मोकळं. फोनवर चित्र बघितलं आणि वेडच लागलं. जाड पत्रा, शेंदरी रंग. कडा घासायच्या राहिल्या, हाताला लागत होत्या. शेजारीण म्हणाली, टॉवेल टांगायला बरी आहे. म्हटलं, तुझा नवरा टांग.

वडील गेल्यावर आई माणमधनं एका पिशवीनिशी माझ्याकडं राहायला आली होती. वडील मुंबईला कामाला असायचे. सुट्टीवर आले की आधी दाराला कडी घालायचे, मग पट्टा काढायचे. माझ्या पाठीवर त्याचे व्रण अजून आहेत. त्यांचा हार घातलेला फोटो आईनं गावाकडंच ठेवला. विसरला म्हणाली. मी जास्त विचारलं नाही. समोरच्या भिंतीवर स्क्रू मारून कमान अडकवली, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली.

"दार न्हाई व्हय ह्याला?"

"नाही."

"मग बरं हाय."

महिन्याभरानं धाकटे चुलते तो फोटो घेऊन एसटीनं आले. "वैनी, दादाचा फोटो ऱ्हायला हुता. पावनं आल्यावर समोर दिसाय नगं?" मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "हे काय बैलाचं जू लावलंय?" म्हणत त्यांनी कमान काढून फेकली. फरशीचा टवका उडाला. त्याच स्क्रूला त्यांनी फोटो अडकवला.

मी फोटो उतरवून खाली ठेवला. त्यांनी कानाखाली अशी वाजवली की ओठ फाटला. केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. "बापाला उतरिवतीस व्हय गं?" हात वडिलांचाच होता, वजनसुद्धा तेच. चाळिशीची बाई मी, आणि पुन्हा कोपऱ्यात अंग चोरून बसले. स्वतःची लाज वाटली.

आई स्वयंपाकघरातून आली. पडलेली कमान तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि दिराच्या दंडावर घातली. दुसरा घाव मनगटावर बसला. सदऱ्यावरून रक्त फरशीवर आलं. "वैनी, आवं वैनी," करत ते जिन्यानं पळाले. आई थांबली नाही. ती फोटोवर घाव घालत राहिली. काच फुटली, चौकट फुटली, तरी अनवाणी काचेवर उभी राहून घालत राहिली. शेवटी मी तिला मागून मिठी मारून धरलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. तिचा पाय मांडीवर घेऊन चिमट्यानं काचा काढताना मी विचारलंच, "तुला मारता येत होतं. मग मी मार खात होते तेव्हा का नाही मारलंस?"

"एकदा उचलला हुता हात. तुझ्या आदी एक पोरगी हुती मला, दोन वर्सांची. त्येचा राग त्यानं तिच्यावर काढला. दुसऱ्या दिशी तिला पुरली." मी काच ओढली, तरी तिनं पाय हलवला नाही. "पुन्यांदा न्हाई उचलला."

मी तिला आयुष्यभर भित्री समजत आले. एकदा तोंडावर म्हणालेही होते, आणि ती "व्हय" म्हणून भाकऱ्या थापत राहिली होती.